बिब्ब्याचा टिळा

वकीलसाहेबांची मोटार पांढरी होती असं त्यांचा नातू हल्ली सांगत फिरतो. त्याने ती पाहिलेली नाही. ती पांढरी नव्हती, सायीच्या रंगाची होती. मंद आचेवर आटवलेल्या दुधावर जाड, किंचित पिवळट साय येते ना, तशी. मला हे नक्की माहीत आहे, कारण त्या रंगाकडे मी जितक्या जवळून पाहिलं तितकं त्या घरातल्या कुणीही पाहिलं नसेल. पुढे वर्ध्यात जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत माझं उभं आयुष्य गेलं, किती गाड्यांच्या अंगावरून हात फिरवला त्याची गणती नाही, पण डोळे मिटले की आधी तीच दिसते. आणि ती दिसली की माझं डोकं तापतं. बायको म्हणते, आता तरी सोडून द्या. मी सोडलेलं नाही. सौद्यात ठरलेलं मला पूर्ण मिळालं नव्हतं, आणि असली गोष्ट विसरणारा मी माणूस नाही.

आम्ही नाचणगावात राहायचो. पुलगाव तिथून चालत जाण्यासारखं, आणि पुलगावच्या गिरणीचा भोंगा हेच आमच्या वस्तीचं घड्याळ. पहिल्या भोंग्याच्या आधी मायचं जातं सुरू व्हायचं. भोंगा वाजला की जातं थांबायचं आणि भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि चटणीवर जवसाच्याच तेलाची धार. कधी वांगं मिळालं तर ते चुलीत भाजलं जायचं आणि त्या दिवशी आम्ही भावंडं जरा जास्त भांडायचो. माझे वडील लक्ष्मण हे पुलगावच्या वकीलसाहेबांकडे ड्रायव्हर होते. खाकी सदरा, तांब्यात निखारे घालून केलेली इस्त्री, आणि खांद्यावर जुन्या धोतराचं एक फडकं. ते फडकं गाडी पुसायचं. त्याला घरात दुसऱ्या कशाला वापरायची बंदी होती. माय ते वेगळं धुवायची, वेगळं वाळवायची, जमिनीवर पडलं तर पुन्हा धुवायची. कारण त्यात वाळूचा एक कण अडकला तर रंगावर ओरखडा उठणार. ज्या लोकांनी आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या शिवून घेतलं नाही त्यांच्या गावात आमच्या घरातही एक सोवळं होतं, ते एवढ्या फडक्यापुरतं.

घरात आणखी एक माणूस होतं, भागा आत्या, बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली. जंगलाकडून हिरडा, बेहडा, बिब्बे गोळा करून आणायची आणि बाजारात विकायची. कुणाच्या टाचा फुटल्या, कुणाच्या पायात काटा मोडला, की लोक तिच्याकडे यायचे. ती बिब्ब्यात सुई खुपसायची, दिव्यावर धरायची, आणि त्यातून तडतडत निघणारा काळा रस नेमक्या जागी टेकवायची. बिब्ब्याचा रस म्हणजे डांबराचा भाऊ. कापडावर पडला तर कापड फाटेपर्यंत जात नाही, आणि कातडीवर पडला तर फोड उठतो. आत्याच्या बोटांची टोकं मात्र कायमची काळी आणि निबर झाली होती, तिला काही होत नसे. स्वभावाने माझ्यासारखीच, म्हणजे मी तिच्यासारखा. भाव सांगितला की सांगितला.

आम्ही दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीवर नेले ते आत्यानेच. माय रडत होती. आत्या रडली नाही. टोपली पाण्यात सोडून, पदर खोचून परत आली आणि म्हणाली, "चला, आता सैपाकाले लागा." म्हणून पुढे जे झालं ते तिच्या हातून होईल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

माझी बहीण शेवंता हिचं लग्न आंजी गावच्या मुलाशी ठरलं. तो संत्र्याच्या बागेत कामाला होता. आमच्या वस्तीतलं नव्या पद्धतीचं ते पहिलं लग्न, पांढरी साडी, मेणबत्त्या, हात जोडून उभे असलेले दोघं. वकीलसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते आपणहून म्हणाले, "लक्ष्मण, मुलीला सासरी माझ्या गाडीतून पोचव." साहेब खादी वापरायचे, सभांमधून माणसामाणसांतला भेद मिटवण्यावर बोलायचे, आणि ते खोटं बोलत नव्हते. हे मी मान्य करतो. त्या काळात पुलगावात दुसऱ्या कुणी आपली गाडी आमच्या दारात उभी केली नसती.

ती दारात उभी राहिली तेव्हा वस्ती तर लोटलीच, पण गावातलेही लोक आले. काही कौतुकाने, काही नुसते. पाराजवळ घोळका करून उभे होते. एकटक पाहत होते. मी गाडीच्या दाराला टेकून त्यांच्याकडे तसाच पाहत होतो, आणि मला फार बरं वाटत होतं. शेवंता मागच्या सीटवर बसली, तिच्या शेजारी नवरा अवघडून बसला, बाबांनी गाडी सुरू केली. चैत्राचं ऊन पेटलेलं. मी पुढे बाबांच्या शेजारी. ती गाडी मी कितीदा धुतली होती, पण तिच्यात बसलो तो त्या दिवशी पहिल्यांदा.

आंजीला व्याह्यांनी निघताना संत्र्यांची एक पाटी गाडीत ठेवली. बाबा आणि मी दिवस मावळायच्या आत परतलो. दारात उतरून बाबांनी सवयीप्रमाणे खांद्यावरचं फडकं काढलं, गाडीला एक फेरी घातली आणि मागच्या चाकावर ते थांबले. मडगार्डवर, चाकाच्या थोडं वर, एक काळा टिळा होता. आता तो टिळा राहिला नव्हता. उन्हाने तो पातळ होऊन खाली ओघळला होता, त्याला रस्त्याची धूळ चिकटली होती, धुळीवर कुठल्याशा जिनिंगपाशी उडणारे कापसाचे तंतू चिकटले होते. सायीच्या रंगावर काजळ घातलेला डोळा रडावा तसं दिसत होतं.

"हे कोनं केलं?" बाबांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"म्या," आत्या म्हणाली. ती चुलीपाशी होती, तिथूनच बोलली.

"काऊन?"

"काऊन म्हंजे? सारं गाव डोळे फाडून पाहून राह्यलं होतं. पोरगी पह्यल्यांदा मोटारीत बसून राह्यली. काजळ लावाले गेली तर त्या गुळगुळीत पत्र्यावर ठरेना. मंग बिब्बा लावला. मांगं लावला, दिसू नाई म्हणून."

मी उसळलो. "आत्या, देव नदीत सोडले ना तू? मंग हे काय?"

"नजर काय देव हाय काय रे?" आत्या म्हणाली. "देव सोडले. लोकायचे डोळे कुठं सुटले?"

अशा वेळी मला हात चालवावासा वाटतो. मी चुलीतली राख आणि नारळाची शेंडी उचलली आणि गाडीकडे निघालो. बाबांनी माझं मनगट धरलं ते असं, की शेंडी हातातून गळली. "डाग काढाचा हाय," ते म्हणाले, "रंग नाई." माय जवसाच्या तेलाची वाटी घेऊन आली. त्यालाही ते नको म्हणाले. जवसाचं तेल वाळलं की स्वतःच चिकट पापुद्रा होऊन बसतं. शेजारच्याने दवाखान्यातून स्पिरिट आणू का विचारलं. स्पिरिटने टिळा गेला असता आणि टिळ्याखालचा पत्रा दिसला असता. आज माझ्या दुकानात पोरं येतात, काचेवर, बॉनेटवर चिकटवलेले स्टिकर नखाने, ब्लेडने खरवडून येतात आणि मग विचारतात, काका, आता काय करू? मी त्यांना बाबांचं ते वाक्य सांगतो. त्यांना ते फार साधं वाटतं.

बाबांनी त्या संध्याकाळी काहीच केलं नाही. अंधारात रंगाला हात लावायचा नसतो, एवढंच म्हणाले. सकाळी ते गाडी तशीच घेऊन साहेबांच्या बंगल्यावर गेले. लपवायचं त्यांच्या मनात आलं नाही. मी मागे लागून गेलो.

साहेब बाहेर आले, चष्मा लावून वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. "लक्ष्मण, हे काय आहे?"

"बिब्बा हाय साहेब."

"बिब्बा? गाडीला?"

"दिष्ट लागू नाई म्हणून लावला." कुणी लावला ते बाबांनी सांगितलं नाही.

साहेब सरळ झाले. रागावले नव्हते, दुखावले होते, आणि ते जास्त वाईट होतं. "तुम्ही तर दीक्षा घेतलीत ना रे? मग हे तुमच्याकडेही आहेच का अजून?" मग म्हणाले, "गाडी नागपूरला रंगवायला पाठवावी लागेल. तोवर तू गोठ्याकडे पाहा. नंतरचं नंतर बघू."

बाबा "जी" म्हणाले. त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून घडी केली आणि ते गाडीच्या टपावर ठेवलं. ती घडी मी पाहिली आणि मला कळलं की ‘नंतर’ काही येणार नाही. लॉरीवर क्लीनर म्हणून मार खात खात ज्या माणसाने स्टिअरिंगपर्यंत मजल मारली होती, तो पुन्हा शेणापाशी चालला होता, आणि "जी" म्हणत होता.

"साहेब, सौदा करता काय?" मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कसला सौदा?"

"आजचा दिवस द्या. डाग गेला अन् रंग जसाच्या तसा राह्यला, तर बाबा गाडीवरच राह्यतीन. गोठ्यात जानार नाईत."

"आणि नाही गेला तर?"

"तर गोठ्यातलं शेण म्या काढतो. वर्षभर. फुकट."

साहेब वकील होते. त्यांना गंमत वाटू लागली होती. "बरं. कबूल."

"अजून हाय," मी म्हणालो. "डाग गेला तर तुमी आमच्या घरी जेवाले येसान."

बाबा म्हणाले, "किसन, चूप बस." पण साहेब हसले. मोकळं हसले. "येईन की," ते म्हणाले. "त्यात काय एवढं?"

बाबांनी गाडी बंगल्यातल्या आंब्याखाली लावली नाही. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली आणखी चिकटा पडतो. गोठ्याच्या भिंतीच्या सावलीत लावली. टपावरची घडी त्यांनी तशीच राहू दिली. तापलेल्या पत्र्यावर ओली फडकी पसरून तो थंड होऊ दिला. मग नुसतं पाणी सोडलं, हात न लावता, धूळ आपण होऊन वाहून जाईपर्यंत. मी घरी धावत जाऊन तिळाचं तेल आणि आत्याला घेऊन आलो. तेल आत्याच्याच बाजारच्या पोतडीतलं. बिब्बा उतला, म्हणजे अंगावर फोड उठले, की त्यावर ती तेच लावायची. तेल आणायला गेलो तर तीही निघाली. म्हणाली, "तुमाले उतन. माह्या हाताले सवय हाय."

तिने सरकी काढलेला कापूस तेलात बुडवून टिळ्यावर ठेवला आणि खाली बसून राहिली. मी म्हणालो, घास ना. ती म्हणाली, "तुले घाई हाय, त्याले नाई." काही वेळाने कापूस उचलला तेव्हा तो तपकिरी झाला होता. पुन्हा नवा कापूस, पुन्हा बसणं. पुसायचं ते एकाच बाजूने, टेकवून, ओढून; एकदा पुसलेला कापूस पुन्हा लावायचा नाही. बाबा तिच्या हातात कापूस देत होते. मला आठवतं, गोठ्यात गाय रवंथ करत होती आणि साहेबांची आई वरच्या खिडकीतून पाहत होती. सोवळ्यातली, पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी. खिडकीशी येत होती, आत जात होती, पुन्हा येत होती.

दुपारपर्यंत काळं गेलं. पण टिळ्याच्या जागी एक पिवळसर, चिकट कडं राहिलं. बोट लावलं की बोट धरून ठेवायचं. तेलाने ते हलेना. आत्या हरल्यासारखी मागे टेकली. माय भाकरी घेऊन आली होती, तिने आंजीच्या पाटीतली, सोबत आणलेली संत्री काढून दिली. मी रागारागाने एक सोललं. माझ्या अंगठ्यालाही तोच चिकटा लागला होता, सकाळपासून जात नव्हता. संत्रं संपलं तेव्हा अंगठा स्वच्छ होता. मी अंगठा बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. बाबांनी साल उचललं, वाकवलं, सालातून उडणारा बारीक फवारा उन्हात पाहिला. पण ते माझ्यासारखे नव्हते. आधी गाडीच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी त्यांनी साल पिळून पाहिलं, पुसलं, रंग उतरतो का ते दुसऱ्या एका फडक्यावर बघितलं. फडकं कोरंच होतं. मगच त्यांनी सालाचा रस कड्यावर लावला, लगेच पुसला, रिठ्याच्या पाण्याने धुतला, कोरडा केला. पुन्हा लावला. कडं आक्रसत गेलं, आणि मग नव्हतंच.

घाम पुसताना मी बिब्ब्याचा हात गालाला लावला होता. दुसऱ्या दिवशी तिथे फोड आला. त्याचा व्रण अजून आहे. नातवंडं विचारतात, मी सांगतो, मोटारीचा.

साहेब कोर्टातून आले. तिरप्या उन्हात मान खाली-वर करून त्यांनी मडगार्ड पाहिलं, तळहात फिरवला. "कुठं होता रे तो?" त्यांनी विचारलं. बाबांनी जागा दाखवली. साहेबांनी टपावरची फडक्याची घडी उचलून बाबांच्या हातात दिली. आत्या तोवर गोठ्यामागून घरी निघून गेली होती.

जेवणाचा दिवस ठरला. शेवंता माहेरपणाला आली होती, येताना आणखी संत्री घेऊन. माय आणि आत्या पहाटेपासून चुलीपुढे. पुरणाच्या पोळ्या, पाटोडीचा झणझणीत रस्सा, भात, वरण. वस्तीने आपापली अंगणं सारवली. कुणी पितळी ताट दिलं, कुणी पाट दिला. मी ते ताट राखेने घासून घासून आरशासारखं केलं, कारण ताटाला रंग नसतो. भोंगा वाजला. गाडीचा आवाज आला. साहेब मागच्या सीटवर बसले होते.

बाबांनी दार उघडलं. साहेब उतरले नाहीत. बाहेर आलेल्या माणसांना त्यांनी हात जोडले, शेवंताची विचारपूस केली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "लक्ष्मण, घरी आई आहे रे. ती विचारेल. तिला मी काय सांगू?"

मी दोन पावलांवर होतो. सारं ऐकलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "असू द्या साहेब. फळ तं चालते ना?"

साहेबांचा चेहरा उजळला. "फळ? हो, हो. फळ चालेल."

फळ चालतं हे आम्हालाही ठाऊक होतं. केळं, संत्रं, न फोडलेला नारळ, ज्याला देवाने साल दिलंय ते कुणाच्याही हातचं चालतं. म्हणजे माझ्या सौद्यातलं ताट गेलं, पाट गेला, मायची पहाट गेली, आणि उरलं काय, तर सालाच्या आत बंद असलेलं संत्रं. मी पाय आपटत घरात गेलो. ते चकचकीत ताट मी उचललं आणि भिंतीवर फेकणार होतो. आत्या दाराच्या फटीतून बाहेर पाहत होती. तिने मागे न वळता माझा सदरा धरला.

"थांब," ती म्हणाली. "पाह्य."

मी पाहिलं. बाबा गाडीच्या दारापाशी उभे होते. त्यांनी पाटीतलं संत्रं निवडलं आणि साहेबांना ते दिलं नाही. सोलायला लागले. सावकाश. साल एका तुकड्यात काढलं. फोडी वेगळ्या केल्या, एकेका फोडीचे पांढरे तंतू बोटांनी ओढून काढले, आम्ही लहान असताना आमच्यासाठी काढायचे तसे. मग उघड्या फोडी आपल्या तळहातावर मांडून तो हात त्यांनी गाडीत पुढे केला.

साहेब त्या हाताकडे पाहत राहिले. सारी वस्ती पाहत होती. मग साहेबांनी एक फोड उचलली. तोंडात घातली. दुसरी उचलली. साऱ्या खाल्ल्या. शेवटी त्यांचे डोळे भरून आले होते असं माय म्हणायची; मला इतक्या दुरून ते दिसलं नाही, आणि न दिसलेलं मी सांगत नाही.

"साल कोनं काढली?" आत्या मला म्हणाली. "आता फेक ताट, फेकाचं असन तं."

मी नाही फेकलं. रात्रीच्या पोळ्या वस्तीने मिळून खाल्ल्या. जेवताना मी बाबांना विचारलं, मुद्दाम सोललं काय? ते म्हणाले, "सालीसगट कोन खाते?" याच्यापुढे त्यांनी कधीही, मरेपर्यंत, या विषयावर एक शब्द काढला नाही. पुढची कितीतरी वर्षं ती गाडी त्यांनीच चालवली.

माझ्या सौद्यात मात्र जेवण ठरलं होतं. संत्रं ठरलं नव्हतं. बाबांनी ज्याला पूर्ण सौदा मानलं तो माझ्या हिशेबी अर्धा आहे आणि अर्धाच राहणार. साहेब चांगले होते, म्हणूनच तर उरलेल्या अर्ध्याचं दुःख आहे. वाईट माणसाकडून मी काही मागितलंच नसतं. पण बाबांकडून मी एक गोष्ट घेतली. माझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं, खुर्चीवर टेकलं, गाडीचा भाव विचारू लागलं, की मी आधी भाव सांगत नाही. टेबलावर संत्री असतात. एक घेतो, सोलतो, तंतू काढतो, फोडी तळहातावर मांडून हात पुढे करतो. आणि समोरचा माणूस त्या कशा उचलतो ते पाहतो. मग भाव सांगतो.